मायचं ट्राय

आमच्या चिखलीत त्या काळी इंग्रजी हा विषय नव्हता, रोग होता. घरोघरी इंग्रजीनं आडवा पाडलेला एक तरी माणूस असायचाच. बाकी साऱ्या विषयांत गडी पास, गणितात पैकीच्या पैकी, आणि इंग्रजीत लटकलेला. मग तो कुणाच्या तरी दुकानात तागडी धरायचा आणि जन्मभर गिऱ्हाइकांना सांगायचा, "इंग्रजी सुटलं असतं ना बे, तर आज तहसीलदार असतो!" आमच्या घरात हा रोग माझ्या मायला झाला होता.

बाबा मी लहान असतानाच वारले. मायचं माहेर देऊळघाटचं, वावरात राबणाऱ्या शेतकऱ्याचं. पण तिच्या वडिलांनी हट्टानं तिला सातवीपर्यंत शिकवलं होतं. त्या सातवीच्या जोरावर तिला मुलींच्या प्राथमिक शाळेत जागा मिळाली. पहिलीच्या पोरी तिच्याकडं. कुणाच्या नाकाला शेंबूड, कुणाच्या डोक्यात उवा, कुणी दिवसभर नुसती रडणार. माय त्या साऱ्यांना दिवाळीपर्यंत वाचायला लावायची. हे मी तिची लेक आहे म्हणून नाही सांगत. गावातल्या निम्म्या बायका आजही अक्षर काढताना तिच्यासारखा 'ळ' काढतात, खोटं वाटत असेल तर बघून घ्या.

मग नवं राज्य आलं. आपण आता महाराष्ट्रात, असं सगळे सांगायचे, आणि शाळा तपासायला नवे साहेब यायला लागले. त्यातले एक साहेब मायच्या वर्गावर खूश झाले. पोरींकडून वाचून घेतलं, शाबासकी दिली, बशीत ओतून चहा प्यायले, आणि उठता उठता म्हणाले, "बाई, शिकवता उत्तम. पण दिलेल्या मुदतीत मॅट्रिक व्हा. झाला नाहीत, तर ही जागा मॅट्रिक झालेल्या बाईंना द्यावी लागेल. माझ्या हातात काही नाही."

मायनं घरी येऊन हे मला सांगितलं तेव्हा मी साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माय म्हणाली, "त्यायच्यावर काऊन चिडतं? त्यायनं चहा तरी नीट पेला." आणि दुसऱ्या दिवशी तिनं बाहेरून परीक्षेला बसायची तयारी सुरू केली.

बाकीचे विषय तिनं झपाट्यानं सोडवले. इंग्रजी मात्र राहिलं. एकदा राहिलं, पुन्हा राहिलं. साहेबांनी दिलेली मुदत संपत आली आणि शेवटची खेप उरली, तीही नेमकी मी मॅट्रिकला बसणार त्याच वर्षी. मायलेकी एकाच परीक्षेला! गल्लीला आयतंच तोंडी लावणं मिळालं. शेजारची काकू येता-जाता विचारायची, "काय वं, कोण कोणाची कॉपी करणार हाय?" माय हसायची. मला हसू यायचं नाही. माझं इंग्रजी म्हणजे वर्गात पहिलं, असं मला वाटायचं. लांबलचक शब्द तोंडपाठ होते आणि ते मी कुठंही वापरायची. मांजराला हाकलतानासुद्धा.

मायची इंग्रजीची पद्धत एकच होती: पुस्तक पहिल्या पानापासून उघडायचं. पहिल्या खेपेलाही पहिलं पान, दुसऱ्या खेपेलाही पहिलं पान. शाळा, स्वयंपाक, पाणी भरणं, यातून वेळ मिळेल तितकं पुढं जायचं, आणि तेवढ्यात परीक्षा यायची. सारे तिला एकच सांगायचे, प्रयत्न सोडू नका. हेडमास्तरीणबाई तेच सांगायच्या, मामा तेच सांगायचा, पोस्टमनसुद्धा तेच सांगायचा. माझं तर डोकंच फिरायचं. अरे, प्रयत्न म्हणजे काय हरभरे आहेत, मूठभर अजून टाका म्हणायला?

मागच्या गल्लीत हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे एक सर राहायचे. मोठे तापट. चुकीचं इंग्रजी ऐकलं की त्यांना खरोखर ठसका लागायचा. कुणाला शिकवणी देत नसत, म्हणायचे, "गाईडं पाठ करणाऱ्यांची हमाली मी करत नाही." माय त्यांच्याकडं गेली आणि ओसरीवर बसून राहिली. मी सोबत होते, लाजेनं अर्धमेली झालेली. सर बाहेर आले, म्हणाले, "काय पाहिजे?" माय म्हणाली, "सर, मले पास व्हाचं हाय. नाई झालो तर माह्या पोरी जातात." सरांना वाटलं, हिच्या पोटच्या पोरींचं काही आहे. मी सांगितलं, पहिलीच्या पोरी म्हणते आहे ती. सर हात पुढं करून म्हणाले, "पुस्तक दाखवा."

पुस्तक त्यांनी उघडलं नाही. नुसतं आडवं धरून कडेनं पाहिलं. पुढची पानं तेलकट, काळपट, फुगलेली. मागची अर्धी पांढरीशुभ्र, छापखान्यातून आल्यासारखी. सर ठसका लागल्यासारखे हसले. "बाई, हे काय हो? तुम्ही दर वर्षी तेच दळण दळताय!"

मायच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडताना मी फार क्वचित पाहिलं होतं. "सर, सारे म्हणतात प्रयत्न करा. अजून कितला करू? डोळे फुटाची पाळी आली माही."

"कोण म्हणतं प्रयत्न करा? इंग्रजीत काय म्हणतात त्याला?"

"ट्राय," मी घाईनं म्हणाले. शहाणी ना मी!

"तुला नाही विचारलं," सर म्हणाले, आणि आत जाऊन एक जाडजूड शब्दकोश घेऊन आले. त्याची पाठ निघालेली होती, सुतळीनं बांधलेला होता. तो मांडीवर उघडून ते जे बोलायला लागले ते मला अजून आठवतं. एका शब्दाच्या अंगाखांद्यावर माणूस इतका वेळ खेळू शकतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "प्रयत्न करणं हा या शब्दाचा सगळ्यात धाकटा अर्थ. थोरले भाऊ वेगळेच आहेत. कोर्टात माणसावर खटला चालतो, त्यालाही ट्रायच म्हणतात. तिथं जज्ज काय प्रयत्न करतो होय? तो खरं-खोटं वेगळं करतो. शिंप्याकडं सदरा अंगात घालून बघता, तेही ट्राय. भाजीची चव बघता, तेही ट्राय. एखादं कार्टं तुमच्या सहनशक्तीचा अंत बघतं, तिथंही हाच शब्द."

माय माझ्याकडं बघून म्हणाली, "हा अर्थ मले समजला."

सर खूश झाले. "आणि आता मूळ ऐका. इंग्रजांचा हा स्वतःचा शब्द नाही. फ्रेंच लोकांकडून आलेला. तिथं त्याचा अर्थ होता निवडणं. निवडून वेगळं काढणं. त्याच्याही मागं काय होतं ते मोठमोठ्या पंडितांना पक्कं ठाऊक नाही, मीही सांगणार नाही. पण सुरुवात निवडण्यापासून. निवडता निवडता पारखणं आलं, पारखता पारखता करून बघणं आलं. तेव्हा लोक तुम्हाला ट्राय करा म्हणतात, त्यात वाईट काही नाही. तुम्ही ते करत नाही, एवढंच. तुम्ही न निवडता दळताय."

मला वाटलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी. हिला परीक्षेत पास व्हायचंय आणि हे फ्रान्सला घेऊन चाललेत. पण माय एकदम सरळ बसली. पदर खोचला. आणि तिनं विचारलं, "कोणती निवड, सर? खायची का बियाण्याची?"

आता हे मला सांगायला हवं. देऊळघाटला मायच्या माहेरी तिचा हात बियाण्याला चांगला मानायचे. पेरणीच्या आधी मामा भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन यायचा, आणि त्याच्यासोबत आणखी दोन-चार घरचीही गाठोडी असायची. शेंगा फोडून दाणे सुपात घ्यायचे आणि माय निवडायला बसायची. खायचे दाणे निवडताना आपण काय करतो? खडा, किडका, खवट तेवढा बाहेर टाकतो, उरलं ते सगळं चालतं. बियाण्याचं तसं नाही. बियाण्याला उलटं. तिथं वाईट शोधायचंच नाही. जो दाणा भरलेला आहे, सालीला चीर नाही, टोकाशी धड आहे, तोच उचलायचा आणि बाजूच्या टोपल्यात टाकायचा. सुपात उरलेलं वाईट असतं असं नाही, चटणीला ते उत्तम. पण मातीत घालायचं नाही. आणि निवडताना हावरेपणा करायचा नाही. माय म्हणायची, टोपलं लवकर भरावं असं ज्या बाईले वाटते, तिच्या वावरात नांगे पडतात. नांगे म्हणजे पेरलेल्या ओळीत मधे मधे न उगवलेल्या जागा. पंधरवड्यानं साऱ्या गावाला दिसतात.

हे सगळं मायनं सरांना सांगितलं. असं भरभर बोलताना तिला मी तिच्या वर्गातच पाहिलं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि शब्दकोशात बोट ठेवून म्हणाले, "वेचून बाजूला काढणं, असं आहे इथं. म्हणजे बियाण्याची!" आणि इतके मोठ्यानं हसले की आतून त्यांच्या बायकोनं विचारलं, काय झालं हो?

त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं त्यानं गल्लीची करमणूक झाली. मायनं जुन्या कॅलेंडरची पानं कापून चिठ्ठ्या केल्या. पुस्तकात, जुन्या पेपरांत जे जे म्हणून होतं, एकेक वाक्य, एकेक शब्द, पत्राचा एकेक मायना, ते एकेका चिठ्ठीवर उतरवलं. त्या चिठ्ठ्या सुपात. सकाळी चूल पेटायच्या आधी आणि शाळेतून आल्यावर माय भिंतीला टेकून, एक पाय लांब करून, सूप मांडीवर घेऊन बसायची. चिठ्ठी उचलायची, वाचायची, त्यावरून स्वतःचं एक वाक्य म्हणायची. न अडखळता आलं, तर टोपल्यात. अडखळलं, तर परत सुपात. शेजारची काकू दारात उभी राहून ओरडली, "अवं पाहा वं, मास्तरीण कागद निवडून राह्यली! आता कागदाची भाकर करतं का काय?" माय म्हणाली, "हाव. ये जेवाले."

तिची वाक्यं काय असायची! पुस्तकातला राजा आणि राणी तिनं कधीच सोडून दिले होते. तिच्या वाक्यांत बादली गळायची, एसटी चुकायची, पहिलीतली एक पोर पाटी चाटायची. 'माझी मुलगी माझ्या सहनशक्तीचा अंत बघते' हे वाक्य इंग्रजीत तिला सगळ्यात आधी बिनचूक यायला लागलं, आणि ते ती दिवसातून कितीदा तरी सराव म्हणून म्हणायची. मी चिडायची. मग ती म्हणायची, "पाह्य, लागू पडलं ना?"

मी तिला माझ्याकडचे लांब शब्द देऊ केले. एक-दोन तिनं सुपात टाकून पाहिले, उचलले, आणि हसत परत दिले. "दाणा मोठा हाय, पण पोकळ वाजते."

सर आठवड्यातून एकदा टोपलं बघायला यायचे. खरोखर टोपलंच बघायचे. हात घालून चिठ्ठी काढायची आणि विचारायचं. चुकलं की ठसका. हळूहळू त्यांचा ठसका कमी झाला. पण टोपलं काही भरेना. परीक्षा जवळ आली आणि सुपात अजून ढीग होता. निबंध तर सगळेच सुपात. मी म्हणाले, "माय, घाई कर ना! निबंध पाठ कर एखादा." ती म्हणाली, "पाठ केलेला निबंध म्हणजे दुसऱ्याच्या वावरातलं पीक. मले नाई कापता येत." तिची जागा जाणार, मला दिसत होतं. नवी बाई येणार, मायच्या खुर्चीवर बसणार, आणि माय कुणाच्या तरी घरी दाणे निवडायला जाणार. मी देवीला नारळ बोलले. मायच्या पास होण्यासाठी. माझ्यासाठी बोलायची गरजच नव्हती ना!

पेपराच्या दिवशी आम्ही दोघी एकाच दालनात होतो. शाळेच्या मुली पुढं, बाहेरून बसलेल्या बायका अगदी मागच्या बाकांवर. मी निबंधापासून सुरुवात केली आणि लेखणी अशी सुटली की बस! सगळे लांब शब्द आले. पुरवणी मागितली. पुन्हा मागितली. मधे मान वळवून पाहिलं, तर माय लेखणी खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसली होती.

बाहेर आल्यावर मी तिला धरलंच. "काय केलंस? किती सोडलंस?"

"निबंध सोडला. त्याच्याखालचा एक प्रश्नही सोडला. बाकी लिवलं."

"निबंध सोडला? अख्खा? अगं, काहीतरी खरडायचं ना! तेवढे मार्क हवेत गेले!"

"तो दाणा माहा नव्हता वं," ती म्हणाली, आणि वाटेत भाजी घ्यायला थांबली. गवारीचा भाव पैसा-पैसा करून पाडत होती बाई, जशी काही दुसऱ्याच कुणाची परीक्षा होती.

निकाल वर्तमानपत्रात यायचा, आणि वर्तमानपत्र एसटीनं. त्या दिवशी माय स्टँडवर गेली. मी घरीच थांबले. खरं कारण सांगते: तिचा नंबर नसताना तिचं तोंड लोकांसमोर बघायची माझी हिंमत नव्हती. मी मनातल्या मनात तिची समजूत कशी घालायची ते ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होते, माय, आता मी पास झाले ना, मी लागते कुठं तरी, तू बस आरामात.

माय आली. पेपर घडी करून काखेत होता. तिनं पाय धुतले, घटाघटा पाणी पिऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुझं राहिलं ना?" मी म्हणाले.

"पोरी, तुहा नंबर नाई त्याच्यात."

मी पेपर ओढून घेतला. वरून खाली, खालून वर. माझ्या अलीकडचा नंबर होता, पलीकडचा होता. मला पुढचं काही दिसलंच नाही. मी पेपर फेकला आणि जमिनीवर पालथी पडून अशी रडले की काकू धावत आली. मायनं तिला दारातूनच परत पाठवलं. मला ती ऊठ म्हणाली नाही, गप्प बस म्हणाली नाही, पुढच्या वेळी होशील असलंही काही म्हणाली नाही. माझ्या केसांतून नुसता हात फिरवत राहिली. पुढं गुणपत्रक आलं तेव्हा कळलं: बाकी सारं बरं होतं, इंग्रजीत आपटले होते. निबंधात इतका वेळ गेला होता की भाषांतर निम्मं कोरंच राहिलं, आणि निबंधातल्या लांब शब्दांना परीक्षकानं काय भाव दिला असेल ते देव जाणे.

उन्हं कलली तेव्हा दारात सरांचा आवाज आला. हातात पेढ्यांचा पुडा. एवढा तापट माणूस, पण चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. "कुठं आहेत बाई? अहो, नंबर पाहिला मी! पास! निबंध सोडून पास! उद्या मी स्वतः येतो तुमच्या शाळेत, हेडमास्तरीणबाईंना सांगायला!"

मी उठून बसले. माझं तोंड सुजलेलं, केस विस्कटलेले. मायकडं पाहिलं. ती चुलीजवळ उभी होती आणि सरांना खुणेनं गप्प राहा सांगत होती.

माझी माय पास झाली होती. तिच्या पोरी, तिचा वर्ग, तिची खुर्ची, सगळं वाचलं होतं. जिच्यासाठी तिनं इतकी वर्षं डोळे जाळले ती गोष्ट तिनं काखेत घडी करून आणली होती, आणि ती सकाळपासून माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली होती.

सर गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. हो, ओरडलेच. "मला सांगितलं काऊन नाही?"

माय म्हणाली, "तुहं रडून व्हाचं होतं ना अजून."

मी तिच्या गळ्यात पडले. मोठेपणी मीही मास्तरीण झाले, पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, मानसुद्धा दिला त्यांना. पण त्या संध्याकाळी चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईएवढं मोठं माणूस मला पुन्हा दिसलं नाही.

तिनं पेढ्यांचा पुडा सोडला. एक देवापुढं ठेवला, एक माझ्या तोंडात कोंबला, काकूकडं चार पाठवले. मग कोनाड्यातलं टोपलं आणि सूप उचलून तिच्या साऱ्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या. मी म्हणाले, "अगं, मला राहू दे ना त्या!" ती म्हणाली, "माहे दाणे तुह्या वावरात उगवत नाई. तुहे तू काढ." रिकामं सूप तिनं माझ्यापुढं ठेवलं, खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि कात्री दिली.

मी नाक पुसलं आणि पहिली चिठ्ठी कापली. माय शेजारी येऊन भिंतीला टेकली, एक पाय लांब केला, आणि तेव्हा कुठं तिनं स्वतःच्या वाट्याचा पेढा तोंडात टाकला.